जाईबाईच्या डोळ्यातला मोती

"आजी, किती बोटं?"

"पाच."

"आणि आता?"

"दोन... न्हाय, थांब. तीन! तीन हायेत!"

भिवंडीच्या नारपोलीतल्या बुद्धविहारासमोरच्या पटांगणात दीडदोनशे माणसं जमली होती. सगळ्यांच्या तोंडून एकदमच "आँ!" निघालं. दोन वर्षं भिंत चाचपत संडासापर्यंत जाणारी जाईबाई भर उन्हात खुर्चीवर बसून परक्या माणसाची, एका फिरत्या वैद्याची, बोटं मोजत होती. डाव्या डोळ्यातून पाणी गळत होतं, पण डोळा बघत होता. खोटं नव्हतं ते. म्हणून तर एवढा घात झाला.

वैद्याने कापसाचा बोळा उलगडला. बोळ्यात ज्वारीच्या दाण्याहून मोठा, पांढराशुभ्र, गोल मणी.

"हा बघा मोती! ना चीरफाड, ना टाका, ना दवाखाना! सुई घातली, मोती बाहेर!" मग त्याने आवाज खाली आणला. "मंडळी, नारळ आणू नका. पाया पडू नका. मी बुवा नाही, महाराज नाही. ये शास्त्र है, शास्त्र! डॉक्टर लोक काय करतात? मोती काढतात आणि डोळ्यात प्लास्टिक ठेवतात. घरची प्लास्टिकची बालदी उन्हात तडकते की नाही?"

"तडकते!"

"मग डोळ्यातलं प्लास्टिक काय उन्हात तडकणार नाही?"

लोक हसले. लहानूही हसला. जाईबाईचा थोरला मुलगा तो. खुर्चीमागे उभा राहून सुई जाताना आईचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरणारा तोच.

एक्क्याण्णव साल होतं. लहानू सुताला खळ लावायच्या, सायझिंगच्या कारखान्यात टाइमकीपर. वस्तीत त्याची ओळख वेगळीच होती. कुणाच्या अंगात आलं की हा पुढे जाऊन विचारायचा, "देवा, माझ्या खिशात काय आहे ते सांग." कुणी गंडा बांधला की भर चौकात तोडायला लावायचा. बापाने बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या दिवशी घरातले देव खाडीत सोडले, हे तो अभिमानाने सांगे. आपल्याला कुणी फसवू शकत नाही, अशी त्याची पक्की खात्री होती.

त्या वैद्याने, अनंता म्हणायचे त्याला, ही खात्रीच हेरली. कपाळाला टिळा नाही, गळ्यात माळ नाही. पँट, शर्ट, खिशाला दोन पेनं. पहिल्याच भेटीत म्हणाला, "साहेब, देवबिव आपण मानत नाही." झालं. लहानूने पुढचं काही विचारलंच नाही. देव न मानणारा माणूस लबाडी करू शकतो, हे त्याच्या हिशेबातच नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती, ती त्याने कुणालाच सांगितली नव्हती. महिन्यापूर्वी तो आईला घेऊन डॉ. विद्युल्लता कारखानीसांकडे गेला होता. बाई म्हणाल्या होत्या, "ऑपरेशन दोन तऱ्हेने होतं. नुसता मोतीबिंदू काढायचा आणि जाड चष्मा द्यायचा, नाहीतर आत कृत्रिम भिंग बसवायचं. विचार करून सांगा." लहानूला त्यातलं अर्धंही कळलं नव्हतं. भिंग आत बसवतात म्हणजे नेमकं कुठे? ते हलतं का? गंजतं का? बाहेर तीस माणसं खोळंबलेली. सायझिंगमधला आपल्याच खात्याचा हेल्पर शेजारी बसलेला. त्याच्यादेखत असले अडाणी प्रश्न विचारायचे? लहानूने मान हलवली, "समजलं, मॅडम," म्हणाला आणि आईचा हात धरून जो बाहेर पडला तो परत गेलाच नाही.

घरी जानूमामाचं उदाहरण होतंच. ऑपरेशननंतर त्याला बाटलीच्या बुडासारखा चष्मा लागला. मांजर त्याला वासराएवढं दिसे, पायरी दुसरीकडेच दिसे, दोनदा पडला. तेव्हा 'सुई घातली, मोती बाहेर' हे लहानूला फार सोपं वाटलं.

जाईबाईने बोटं मोजली आणि पटांगणात खुर्चीसमोर रांग लागली. वस्तीतली पुतळाबाई सगळ्यांत पुढे.

"लहानूने सोताच्या आयशीला बसवलं, मंग आपल्याला कशाचं भ्या?"

दोन दिवसांत आणखी अकरा जणांच्या डोळ्यांत सुई गेली. वैद्याने पिशवीतून प्रत्येकाला एकेक जाड चष्मा दिला, मोती डबीत घालून दिला, डोळ्यावर पट्टी बांधली आणि बजावलं, "आठ दिवस पट्टी सोडायची नाही. ठणकलं तर भिऊ नका. मोत्याचं मूळ सुटतंय समजा." आणि गाशा गुंडाळून गेला पुढच्या गावाला, कोनला.

तिसऱ्या दिवशी सकाळी जाईबाई कपाळ धरून बसली.

"लहानू, आरं, डोल्यात निखारा ठेवल्यावानी व्हतंय."

"मूळ सुटतंय, आई. सोस जरा."

दुपारी तिने ओकारी काढली. लहानू ड्युटीवर निघाला होता. दारातूनच म्हणाला, "तुला धीरच नाही. पाच दिवस राहिले फक्त."

हे वाक्य लहानू जन्मभर विसरणार नव्हता. भामट्याचं वाक्य, भामटा निघून गेल्यावर, त्याने स्वतःच्या तोंडाने आईला ऐकवलं.

पाचव्या दिवशी रविवार होता. लहानूच्या बायकोने, मंदाने, जिताडा माशाचं डोकं आणलं होतं. आजारी सासूला दोन घास जातील म्हणून कालवण केलं. ताटात वाढताना तिचा हात थांबला. शिजलेल्या डोळ्यातून एक पांढरा, टणक मणी सुटून रश्शात आला होता. हा मणी तिने लहानपणापासून हजारदा काट्यांबरोबर ताटाच्या कडेला ठेवला होता. आज ती उठली, फळीवरची डबी काढली आणि दोन्ही मणी पितळीत शेजारी ठेवले.

"अहो, इकडे या. यातला आत्याबाईंचा कुठला आणि जिताड्याचा कुठला, ओळखा."

लहानूने बघितलं. परत बघितलं.

"दिसायला सारखे असतील. म्हणून काय—"

मंदाने वरवंट्याने आधी एक चेचला, मग दुसरा. दोन्हींचे कांद्यासारखे पापुद्रे सुटले. डबीतल्याला तर वासही मासळीचाच.

"तुमच्या आईच्या डोळ्यातून जिताडा निघाला हो! आख्ख्या भिवंडीला शिकवत फिरता. तीन दिवस ती म्हातारी तळमळतेय, आणि तुम्ही घड्याळ बघून ड्युटीला जाता!"

लहानूने आईला रिक्षात घातलं आणि तसाच डॉ. कारखानीसांकडे निघाला.

डॉक्टरबाईंनी रविवार असूनही दार उघडलं. बॅटरी लावून डोळा पाहिला, बोटाने हलकेच दाबून पाहिला. दगडासारखा लागत होता. त्यांनी बॅटरी डोळ्यासमोर धरली. "आजी, उजेड दिसतो?"

"न्हाय, बाय."

"आता?"

"अंधारच हाय."

बाईंनी बॅटरी विझवली. मग कागद ओढून त्यांनी एक गोल काढला. "मोती बाहेर निघालाच नाही. तो आतच आहे. हे बघा, डोळ्यात पुढच्या बाजूला आपलं जन्माचं भिंग असतं. काचेसारखं स्वच्छ. वय झालं की ते गढूळ होतं, त्यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो. त्याने सुईने ते भिंग मागे, डोळ्याच्या तळाला ढकलून दिलं. दारातला अडसर घरात पाडला, एवढंच. वाट मोकळी झाली, उजेड आत गेला, आजींनी बोटं मोजली. पण सुई घाणेरडी, आणि सुटलेलं भिंग आत कुजतंय, सुजतंय. डोळ्यातलं पाणी तुंबलं, दाब वाढला आणि त्या दाबाने नजरेची शीर मेली. ठणका लागला त्याच दिवशी आणलं असतं, तर कदाचित वाचला असता."

"त्याच दिवशी" हे शब्द लहानूने ऐकले. आईनेही ऐकले. तिने मान वळवली नाही.

लहानूने वस्तीतल्या बाकीच्या अकरा जणांचं सांगितलं. "कुठे आहेत ते?" बाईंनी विचारलं. "आज आणा. आत्ता."

लहानू घरोघर धावला. कुणी पट्टी सोडायला तयार होईना.

"डॉक्टरीणबाईने दलाली दिली वाटतं," एक जण म्हणाला.

पुतळाबाई फणकारली, "परवा तूच म्हनत व्हतास ना, शास्त्र हाय म्हनून? कुठलं लहानूचं खरं, परवाचं का आजचं? जा, त्या वैद्याच्या तोंडावर बोल."

"चला," मंदा म्हणाली. "कोन काय लांब आहे? सगळेच चला."

कापडाचे तागे वाहणारा एक टेम्पो मिळाला. एका डोळ्याला पट्ट्या बांधलेली अकरा माणसं त्यात दाटीवाटीने बसली. कल्याण रस्त्यावर कोनला गर्दी होतीच. खुर्चीवर एक म्हातारा, समोर वैद्य, हातात सुई, दुसऱ्या हातात कापसाचा बोळा. "ना चीरफाड, ना टाका..."

मंदा गर्दीतून सरळ आत घुसली आणि त्याच्या हातातला बोळा हिसकावून घेतला.

"ऐ बाई! ये क्या जबरदस्ती है? शास्त्राचं काम चाललंय!"

"तेच बघतेय." तिने सगळ्यांसमोर कापूस पिंजला. मधोमध पांढरा मणी. "ओ बाबा, तुमच्या डोळ्यात सुई गेली का अजून?"

"न्हाय की," खुर्चीवरचा म्हातारा म्हणाला.

"मग हा मोती कुणाचा?"

वैद्याने पिशवीकडे झेप घेतली, पण लहानूने ती आधीच उपडी केली होती. जाड चष्मे, गंजकी सुई आणि एका डबीत असले वीसपंचवीस मणी.

"शिजवलेल्या माशाचे डोळे आहेत हे," लहानू ओरडला. "कोण मासे खातं इथे? घ्या, चेचून बघा!"

कोनच्या बायकांना चेचावंही लागलं नाही. एकीने मणी नाकाशी नेला, आणि मग जो गलका उठला! पाचपन्नास हात वैद्याच्या कॉलरीला गेले.

"मारू नका," लहानू मध्ये पडला. "याला पोलिसांत द्या."

"ह्याला पोलिसांत," टेम्पोच्या फळीला धरून उभी असलेली पुतळाबाई म्हणाली, "आनि तुला कुनाकडं द्यायचा, लहानू? ह्याला आमी वळखत नव्हतो. तुला वळखत व्हतो."

तेच खरं होतं. वैद्याचं दुकान चाललं ते त्याच्या बडबडीवर नव्हे, लहानूच्या नावावर.

अकरा माणसं तशीच टेम्पोने डॉक्टरबाईंकडे गेली. काहींना मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवावं लागलं. चौघांचे डोळे वाचले. पुतळाबाईचा वाचला नाही.

जाईबाईचा उजवा डोळा उरला होता, त्यातही मोतीबिंदू होताच. एकच डोळा, आणि आता त्यात सुरी घालायची. लहानू डॉक्टरबाईंसमोर बसला. बाहेर या वेळीही तीस माणसं होती. या वेळी त्याने सगळे प्रश्न विचारले, एकूण एक अडाणी प्रश्न.

"भिंग ठेवतात कुठे?"

"जुन्या भिंगाची पातळ पिशवी आतच राहते. तिच्यात."

"तडकतं? कुजतं?"

"बालदीचं प्लास्टिक वेगळं, हे वेगळं. तडकत नाही, कुजत नाही. आजींचा डोळा मोजून त्याच नंबरचं बसवायचं."

"आणि नाही बसवलं तर?"

"तर जाड चष्मा. दिसतं, पण सगळं मोठं दिसतं, आणि कडेचं नीट दिसत नाही. काहींच्या डोळ्याला भिंग चालत नाही, त्यांना तोच इलाज. आजींच्या डोळ्याला चालेल."

"शंभर टक्के गुण येईल ना?"

"नाही," बाई म्हणाल्या. "बहुतेकांना येतो, काहींचं बिघडतं. आम्ही काळजी घेऊ, पण हमी देणार नाही. शंभर टक्क्यांची हमी तुम्हाला त्याने दिली होती." मग त्या जाईबाईकडे वळल्या. "आजी, एक तुम्हीच ठरवायचं. नुसत्या डोळ्याने लांबचं नीट दिसायला हवं, की जवळचं? दोन्ही एका भिंगात होत नाही. दुसऱ्यासाठी साधा चष्मा लागेल."

"ती मागाच्या सुताच्या कांड्या भरायची," लहानू घाईने म्हणाला, "तांदूळ निवडायची, तिला जवळचंच—"

"मला इचारलंय त्यांनी," जाईबाई म्हणाली.

मग ती डॉक्टरबाईंकडे वळली.

"बाय, मला लांबचं पायजे. रस्ता दिसला पायजे. तांदूळ काय, चष्मा लावून निवडीन. पन चालताना मला कुनाचा हात धरायला लागू नये."

कुणाचा, ते तिने सांगितलं नाही. लहानूला सांगायची गरज नव्हती.

ऑपरेशन नीट झालं. पट्टी सुटल्यावर जाईबाई दवाखान्याच्या तीन पायऱ्या उतरली आणि नाक्यापर्यंत एकटी चालत गेली. लहानू मागून येत होता, वीस पावलं अंतर ठेवून. तिने वळून त्याला पाहिलं, नीट पाहिलं, आणि पुन्हा चालू लागली.

लहानू आजही वस्तीत बोलायला उभा राहतो, पण आता दुसऱ्यांच्या अंगात येणाऱ्या देवांपासून सुरुवात करत नाही. तो म्हणतो, माझ्या आईचा डावा डोळा मी घालवला. मी देव मानत नव्हतो, तरीही. कारण भोंदू माणूस तुमच्या देवाला फसवत नाही, तुमच्या लाजेला आणि तुमच्या घमेंडीला फसवतो. तेव्हा बायांनो, बाबांनो, डोळ्यात मोतीबिंदू झाला तर शिकलेल्या डॉक्टरकडे जा. काय काढणार, काय बसवणार, का बसवणार, ते विचारा. नाही कळलं तर परत विचारा. बाहेर तीस माणसं थांबली असली तर थांबू देत. आणि घरातलं म्हातारं माणूस दुखतंय म्हणालं, तर त्याला सोस म्हणू नका. त्याला उचला आणि तसेच निघा.