मार्नीची कोरी रीड

आमच्या मुख्याध्यापिका हाउगेनबाईंनी पालकांना पत्रक पाठवलं होतं: वाद्य वाजवल्याने मुलांचं गणित सुधारतं, एकाग्रता वाढते. वाढत असेल बुवा. नॉर्थ डकोटातल्या या शाळेचा बँड मी वीस वर्षं शिकवतोय. माझा ट्रम्पेटवाला अजून बोटांवर बेरीज करतो.

मार्चच्या स्पर्धेआधी मी सगळ्यांच्या क्लॅरिनेटच्या रीड तपासतो. रीड म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडाशी लावायची वेताची पातळ पट्टी, फुंकलं की तीच थरथरून वाजते. रोज फुंकली की महिन्याभरात काळवंडते, टोकाला चिरते. आठवीतल्या मार्नी ब्रोस्टेडची मात्र कोरी करकरीत. सप्टेंबरात मी दिलेली तीच.

म्हणजे ही बया सहा महिने नुसती बोटं हलवत होती! माझं डोकंच फिरलं. तास संपल्यावर थांबवलं तिला.

"काय गं, मला वेड्यात काढतेस?"

"नाही सर."

"मग फुंकत का नाहीस?"

"फुंकलं की चुकतं. चुकणाऱ्यांना तुम्ही स्पर्धेआधी बँडमधून काढता. गेल्या वर्षी पेट्राला काढलंत."

"आणि नुसतं बसून काय मिळतं तुला?"

"बँड पहिल्या तासाला असतो," ती म्हणाली. "नाहीतर मी सकाळी उठतच नाही सर."

ऑफिसात जाऊन तिची हजेरी काढली. सातवीत एकसष्ट दिवस गैरहजर. यंदा दोन. मग पेट्राची बघितली: बँड सुटल्यापासून निम्मे दिवस गैरहजर, आजही. तिच्या घरी फोन लावला. आई म्हणाली, झोपलीय. दुपारचा एक वाजला होता. मला स्वतःचीच लाज वाटली.

हाउगेनबाईंच्या कानावर घातलं, तर म्हणाल्या, "मार्नीला वगळा. पहिली श्रेणी हवीय ना?"

"ती वाजवणार," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मार्नीला सांगितलं, "चुकीचं वाजव, पण फुंक. काढणार नाही." तालमीत सुरावटीच्या तिसऱ्याच ओळीला तिच्या क्लॅरिनेटमधून असा काही चीत्कार निघाला की ढोलवाल्याच्या हातची काठी पडली. पोरं खो खो हसली. मार्नी लालबुंद होऊन वाद्य पेटीत भरायला लागली.

"कुठे निघालीस? बस खाली. सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून."

तिने डोळे पुसले आणि बसली.

स्पर्धेत आम्हाला दुसरी श्रेणी मिळाली. हाउगेनबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मार्नीचं क्लॅरिनेट शेवटपर्यंत ऐकू येत होतं आणि बऱ्याच ठिकाणी चुकत होतं.