आत्याची हळद

"कल्पे, कुठं रायलीस? हलदीला सगली थांबलीत तुझ्यासाठी." बँजोच्या गोंगाटात सुदेशचा आवाज बुडत होता.

"दादा, सकाळीच सांगितलेलं ना. नाय निघता येत. दुसऱ्या कुणाला तरी लावायला सांग."

"आत्या असताना दुसरं कोन लावनार?" तो जरा थांबला. "बरं. चालू दे तुझं."

कल्पिताने फोन बाहेर ठेवला, हात धुतले, नवे हातमोजे चढवले. रविवार असल्याने ठाण्यातल्या त्या प्रयोगशाळेत दुसरं कुणीच नव्हतं. बाळकुमचं घर रिक्षाने जेमतेम दहा मिनिटांवर. तिथे भावाची एकुलती एक मुलगी कृतिका हळदीच्या पाटावर बसली होती. लहानपणी तिच्या वेण्या घालून तिला शाळेत सोडायची ती हीच आत्या.

बशीतल्या मूळ पेशींतून हृदयाच्या पेशी घडवायच्या होत्या. त्यासाठी पेशींना आधी एक संदेश द्यायचा आणि ऐन वेळी औषध घालून तोच संदेश थांबवायचा. घाई केली तर काम अर्धवट राहतं, उशीर केला तर पेशी भलत्याच वाटेला लागतात. मागच्या खेपा अशाच वाया गेल्या होत्या. आता हीही गेली की प्रकल्प गुंडाळणार, हे सर्वांना ठाऊक होतं. या वेळी पेशी मुळातच सावकाश वाढल्या आणि औषधाची वेळ नेमकी हळदीवर आली. जोडीदार हर्षित तापाने अंथरुणाला खिळलेला.

तिने औषध घातलं. वहीत वेळ टिपली आणि पुढच्या बशीकडे वळली.

संध्याकाळी ती बाळकुमला पोचली तेव्हा शेजारच्या शेवंतीकाकूंनी हळद लावली होती.

"सॉरी गं," ती म्हणाली.

"असू दे, आत्या. मला माहितेय ना तुझं काम," कृतिका म्हणाली. आवाजात राग नव्हता. तेवढ्यात तिला फोटोसाठी कुणीतरी हाक मारली. कल्पिता पंगतीत एका कडेला जेवली आणि वर्तकनगरला आपल्या खोलीवर परतली.

लग्न झालं, पाहुणे पांगले. पुढच्या आठवड्यात एका दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली बशीतल्या पेशींचा एक पुंजका हलला. थांबला. पुन्हा हलला. आपलाच धक्का लागला असेल म्हणून तिने टेबलावरचे हात उचलले. हालचाल सुरूच राहिली.

हर्षित अजून रजेवर होता. तिने सुदेशला फोन लावला. तो कृतिकाच्या सासरी निघाला होता, गाडीत काही ऐकूच येईना. मग घरी लावला. आवडाबाईंनी उचलला.

"आई, धडधडायला लागलं गं."

"काय धडधडतं?"

"काळीज. म्हणजे त्याच्या पेशी. मी केलेल्या."

"कोनाचं कालीज?"

"कुणाचंच नाही."

"मंग कोनाला बसवनार?"

"अजून तरी कुणालाच नाही."

म्हातारीने विचारलं, "जेवलीस का?"

"जेवते आता."

फोन ठेवून कल्पिताने खुर्ची पुढे ओढली. बशीतल्या पेशी एका लयीत आकसत होत्या, सैल होत होत्या. ती बराच वेळ तशीच बघत बसली.