गोठ्यातली सून

वाकसईच्या रखमाजीला म्हशींची नाडी कळते असे पंचक्रोशीत म्हणत, आणि ते खोटे नव्हते. म्हशीने वैरणीवरून नुसते तोंड फिरवले, तरी हा ओसरीवरून सांगे की हिला कणकण आहे. कास जरा घट्ट लागली तर न्याहारी तशीच टाकून शेक द्यायला बसे. दूध लोणावळ्याच्या बंगल्यांवर जाई, आणि त्या दुधापायी रेडकांच्या वाट्याला फारसे काही उरत नसे. रेडकू मेले की त्याच्या कातड्यात पेंढा भरून रखमाजी ते म्हशीपुढे उभे करी. ती ते चाटत पान्हा सोडी. यात पाप आहे असे घरात कुणाला कधी वाटले नाही.

वैशाखातल्या त्या सकाळीही धारा झाल्या, शेण निघाले, गव्हाणीत पेंढा पडला. दावणीच्या शेवटच्या खुंट्याजवळ रखमाजीची सून रतन गुडघे आणि हात टेकून बसली होती. तिला कुणी बांधले नव्हते. शेजारची म्हैस रेकली की तीही रेके. पुढ्यात पेंढा पडला की तोंड लावी, ताटातल्या भाकरीकडे मात्र ढुंकून पाहत नसे. बंगल्यावरून परत आल्यापासून ती माणसासारखे एकच वाक्य बोलली होती, तेही सासूशी. "मी म्हस हाय, आत्याबाई," एवढेच. त्यानंतर गप्प.

लोणावळ्यात मुंबईचे एक शेटजी हवा पालटायला उतरले होते. शेटाणीला नवे बाळ, आणि अंगावर दूध नाही. रखमाजी तिथे दूध घालायला जाई, त्याच्या कानावर ही गोष्ट पडली. आपली सून नुकतीच बाळंत झाली आहे, हे याने आपण होऊन सांगितले. शेटजींची अट एकच होती, की बाईने आपले मूल बरोबर आणायचे नाही. दूध वाटले जायला नको. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कारटं, ही म्हण काय उगीच पडली? नवरा महिपती बापापुढे मान वर करणारा नव्हता. रतन पदर तोंडात कोंबून गाडीत बसली. मागे तान्ही चिंगी राहिली, आजीच्या हातच्या पेजेवर. पेज आणि पाणी घातलेले दूध तिला सोसले नाही. पोर वाळत गेली आणि एका दुपारी मान टाकून मोकळी झाली. पोरगीच होती, म्हणून कुणी फार रडलेही नाही. बंगल्यावर निरोप उशिरा गेला, आणि रतन घरी आली ती उंबरा न ओलांडता थेट गोठ्यात शिरली.

लोकांनी लगेच ठरवले, वाटेतल्या हडळीने धरले. रखमाजीने देवऋषी हौशीरामला आणला. त्याने गोठा बंद करून मिरच्यांची धुरी दिली, ओल्या कासऱ्याने तिची पाठ फोडली, आणि कोण आहेस म्हणून विचारत राहिला. तिने ते आधीच सांगितले होते. म्हशींनी दावी तोडायला सुरुवात केली तेव्हा रखमाजीने धुरी विझवायला लावली. म्हशींना त्रास होत होता ना!

इकडे बंगल्यावरचे बाळ दुसऱ्या कुणाचे दूध घेईना. बाईला न्यायला उद्या दिवाणजी गाडी घेऊन येतील, असा सांगावा आला. रखमाजी कामाला लागला. त्याने चिंगीच्या अंगड्यात पेंढा भरला, वर टोपडे बांधले आणि ते गाठोडे रतनपुढे ठेवले. पान्हा राहिला पाहिजे, हा त्याचा हिशेब. तिने ते हुंगले, आणि डोके गव्हाणीवर आपटायला लागली.

बयाबाईने दारातून हे पाहिले. ती रखमाजीची बायको. चिंगीला पेज पाजणारी तीच, आणि इतके दिवस मूग गिळून बसणारीही तीच. पण ते टोपडे तिने स्वतः शिवले होते. ती आत आली, गाठोडे उचलून बाहेर ठेवले आणि सुनेजवळ शेणातच बसली. 'शुद्धीवर ये' म्हणाली नाही, 'रतने' म्हणूनही हाक मारली नाही. रेडकू मेलेल्या म्हशीला थोपटतात तशी ती तिची मान खाजवत राहिली. तळहातावर गूळ आणि भुसा धरला. तो रतनने हळूहळू चाटून खाल्ला. मग म्हशीच्या कासेला लावावा तसा बयाबाईने तिच्या छातीला हात लावला, आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. दोन्ही थाने दगडासारखी टणक, तापलेली होती. एका अंगाला पू धरला होता.

"अवं, हिकडं या," तिने नवऱ्याला हाक मारली. "दगडी झालीया हिला. तुमच्या म्हशीला झाली असती तर तुमी जेवला नसता. ह्या पोरीनं तोंडानं सांगितलं, म्हस हाय म्हनून, तरी तुमाला दिसलं न्हाई."

रखमाजी आत आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मूल अंगावरून तुटलेल्या बाईला ताप येतो, दूध दाटते, हे गोठ्यात जन्म काढलेल्या माणसाला कळायला हवे होते. पण सून म्हणजे सून. तिच्या अंगाकडे बघायचे कुणी, आणि तिच्या दुखण्याला दुखणे म्हणायचे कुणी? सकाळी शेक देऊ, असे काहीतरी तो पुटपुटला. शेकाची वेळ टळून गेली होती. पहाटेपर्यंत रतन तापात बरळत राहिली, आणि त्या बरळण्यातही शब्द नव्हते.

सकाळी गाडी आली. दिवाणजींनी नाकाला उपरणे लावून गोठ्यात डोकावले आणि शेटजींच्या शब्दाची आठवण करून दिली. रखमाजी काही बोलण्याआधीच बयाबाई आडवी आली.

"म्हस इकत घेतली तर तिच्यासंगं रेडकू बी न्यावं लागतं, दिवाणजी. आमचं रेडकू तितं उंबराखाली पुरलंय. आदी ते उकरून न्या, मग हिला न्या."

बयाबाईने महिपतीला हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा तो बापाकडे न बघता पुढे आला. दोघांनी रतनला शेटजींच्याच गाडीत निजवले आणि गाडी लोणावळ्याच्या दवाखान्याकडे वळवायला लावली. डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला. आणखी उशीर झाला असता तर हाती काही लागले नसते, असे ते म्हणाले. रतन जगली. एका अंगाचे थान कायमचे गेले.

ती बरी झाली, पण गोठा सुटला नाही. दवाखान्यातून आल्यावरही ती म्हशींतच निजे, त्यांच्याबरोबर रानात जाई, डोहात डुंबे. सून वेडी झाली का, असे पाणवठ्यावर कुणी विचारले की बयाबाई सांगे, "येडी न्हाई, म्हस झालीया." आणि घागर उचलून चालू लागे. हे आपल्या शहाणपणात बसो वा न बसो, म्हातारीने ते मानले, म्हणून त्या घरात पुन्हा कासरा उगारला गेला नाही. ज्या घरात बाईला जनावरासारखे वापरतात तिथे तिने जनावर व्हावे याचे नवल कसले? नवल हे, की जनावर झाल्यावरच तिला माया मिळाली. याची लाज मला वाटते, आणि वाचणाऱ्यालाही वाटावी.

पुढच्या चैत्रात पुन्हा बंगले उघडले, आणि शेजारच्या सोपानच्या घरातली सून, शालू, दुसऱ्या एका बंगल्यावरच्या बाळाला पाजायला गेली. अट तीच. तिचे तान्हे घरी टाहो फोडत होते. बयाबाईने सोपानशी वाद घातला नाही. तिने पोर उचलून खांद्यावर टाकले आणि लोणावळ्याची वाट धरली. रतन चरता चरता तिच्यामागून निघाली.

पहारेकऱ्याने फाटक उघडले नाही. बयाबाई बाहेर बसली. पोर रडत होते, आणि ते रडणे आत जावे एवढेच तिला हवे होते. तेवढ्यात तिथल्या शेटजींची मोटार आतून फाटकापाशी आली. पहारेकऱ्याने फाटक उघडले, तर समोर रस्त्यात रतन बसली होती. भोंगा वाजला, पहारेकरी काठी घेऊन धावला.

"काठी आवर, बाबा," बयाबाई म्हणाली. "म्हस हाय ती. रस्त्यात बसली की उठत न्हाई."

त्या गलबल्यात शालूने आपल्या पोराचा आवाज ओळखला. ती धावत बाहेर आली आणि धुळीतच बसून तिने त्याला पदराखाली घेतले. मागोमाग शेटाणी आली, कडेवर तिचे बाळही रडत होते. ती काही बोलणार तोच बयाबाईने हात जोडले.

"तुमचं बी पिऊ द्या, बाई. दोगांना पुरंल. पर तिचं तिला आदी पिऊ द्या."

शेटाणी रडते बाळ थोपटत फाटकातच थांबली. मोटारीचा भोंगा पुन्हा वाजला. रतन जागची हलली नाही.