कोटवाल्याचा धाकटा भाऊ

मित्रांनो, माझ्या अंगाला अजून चहाचा वास येतोय, आणि त्या वासाची मला शिसारी आली आहे. मी एक जुना व्हीसीआर आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलंही नसेल. काळी चपटी पेटी, पुढे एक फट. फटीत कॅसेट सरकवायची, मागची वायर टीव्हीला जोडायची, की सिनेमा सुरू. एवढंच माझं काम, पण ते मी इमानाने केलं. परवा निगडीच्या एका सभागृहात जे पाहिलं, त्यात इमान औषधालाही नव्हतं. म्हणून आज बोलतोय.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. आखातातून परतलेल्या एका ओळखीच्या माणसाकडून कादरने मला घेतलं आणि काळेवाडीतल्या आपल्या पत्र्याच्या दुकानात टीव्हीशेजारी बसवलं. कादर रेडिओ, मिक्सर दुरुस्त करायचा. गुरुवारी तिथल्या कंपन्यांना सुट्टी, म्हणून आमचा खेळ गुरुवारी दुपारी. कामगार, त्यांच्या बायका, पोरं गोणपाटावर दाटीवाटीने बसायची. वरचा पत्रा असा तापायचा की माझं पोट भाजून निघे. तरी ते दिवस मला आवडायचे.

तिथेच काळेवाडीला परदेशी सिनेमातल्या एका हेराचा शोध लागला. त्याचे सिनेमे तेव्हाही एकामागून एक निघत होते आणि अजून निघताहेत. इस्त्रीचा कोट घालून मारामारी करायचा, म्हणून आमच्याकडे त्याचं नाव पडलं कोटवाला.

पण सिनेमा इंग्रजी, आणि इंग्रजी येतंय कुणाला! कादरला तर ओ की ठो कळत नसे. पहिल्याच खेळाला लोक चुळबुळ करायला लागले, तसा तो टीव्हीशेजारी उभा राहिला आणि सरळ गोष्ट सांगायला लागला. कोटवाल्याचा धाकटा भाऊ घर सोडून गेलाय. हा त्याला देशोदेशी शोधतोय. तो टकला भावाचा ठावठिकाणा सांगत नाही, म्हणून त्याला बडवतोय. कोटवाला एखाद्या बाईच्या फारच जवळ गेला, की कादर खांद्यावरचा टॉवेल पडद्यासमोर धरायचा आणि सांगायचा, ती बाई कानात भावाचा पत्ता देतीये. बायका पदरात तोंड लपवून हसायच्या.

सिनेमा संपायचा, भाऊ काही सापडायचा नाही. मग पुढच्या भागाची कॅसेट आली रे आली, की अख्खी गल्ली हजर. या वेळी तरी सापडतो का बघू! अंबुबाई म्हणून एक शेजारीण होत्या. त्या खंडेनवमीला मला हळदीकुंकू वाहायच्या आणि कोटवाल्याच्या भावासाठी हात जोडायच्या. अशी लागली काळेवाडीला या सिनेमांची गोडी.

कादरने हा भाऊ कुठून आणला, ते मला ठाऊक होतं. आरिफ त्याचा धाकटा भाऊ. दोघं बीडकडून कामाला आले, एकाच खोलीत राहिले. एक दिवस दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि आरिफ नेसत्या कपड्यांनिशी निघून गेला. मी तेव्हा दुकानातच होतो. त्यानंतर खेळ सुरू करण्याआधी कादर एकदा दाराकडे बघून घ्यायचा. मी उगाच खरखर करून त्याला वेळ द्यायचो.

पुढच्या रांगेत एक पोरगं बसायचं, सुजित. त्याचा बाप लेथवर कामाला. सुजित असा रडायचा त्या भावासाठी, की कादरची बायको गुलशन त्याला पाणी पाजून गप्प करायची.

मग केबल आली, पुढे मोबाइल आले, आणि माझी रवानगी माळ्यावर, मिक्सरच्या फुटक्या भांड्यांखाली झाली. पाली माझ्यावरून फिरल्या. झुरळांनी माझ्या पोटात संसार मांडला. शी! आठवलं तरी अंगावर काटा येतो. पण परवा माणसांची जी किळस आली, तिच्यापुढे ती झुरळं बरी म्हणायची.

झालं असं की सुजित आता मोठा साहेब झालाय. तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये नोकरी, निगडीच्या प्राधिकरणात बंगला. कोटवाल्याच्या चाहत्यांचं त्याने एक मंडळ काढलंय. मंडळाने कार्यक्रम ठेवला, हा हेर तुम्हाला पहिल्यांदा कुठे भेटला ते प्रत्येकाने सांगायचं. शोभेला एक जुना व्हीसीआर हवा होता, म्हणून सुजितने कादरकडे माणूस धाडला.

कादरला वाटलं, बोलावणं आपल्याला आहे. त्याने गल्लीभर सांगितलं, सुजित मला स्टेजवर बोलावणार, माझं नाव घेणार. गुलशन म्हणाली, फार आशा धरू नका. पण तिनेच त्याच्या शर्टाला इस्त्री केली आणि कापसाच्या बोळ्याने मला लख्ख पुसलं. लेक आरफाने आम्हाला स्कूटरवरून नेलं. मी कादरच्या मांडीवर होतो. वाटेत दोनदा त्याने माझ्यावर हात फिरवला. या वयात त्याला एवढंच हवं होतं, चार लोकांत कुणीतरी त्याचं नाव घ्यावं.

सभागृहात पोचलो, तर दारावरच्या माणसाने सांगितलं, काका, सामान त्या टेबलावर ठेवा आणि मागे बसा. कादर शेवटच्या रांगेत बसला. माझ्यासमोर 'जुन्या काळातली गंमत' अशी पाटी लागली. मग एकाने माझ्यावर चहाचा कप ठेवला, दुसऱ्याने सामोशाची बशी. कप लवंडला, चहा माझ्या फटीतून आत गेला. कुणी बघितलंसुद्धा नाही. ज्या यंत्राला शोभेसाठी मागवलंत, त्याचाच टीपॉय करता? लाज वाटत नाही?

आणि त्यांच्या त्या थापा! एकाच्या मामाने म्हणे परदेशातून रीळ आणलं होतं. दुसऱ्याला म्हणे बालवाडीतच सगळं इंग्रजी कळत होतं. जो तो आपलं बालपण धुऊन पुसून, अत्तर लावून आणत होता. पत्रा, गोणपाट, घाम यांचं नावही नाही.

शेवटी सुजित उठला. कादर खुर्चीत सावरून बसला, कॉलर नीट केली.

सुजितने सांगितलं, वडिलांनी मला पुण्यातल्या एसी थिएटरात नेलं आणि एकेक इंग्रजी वाक्य समजावून दिलं. वडिलांनी! तो बिचारा रात्रपाळी करून यायचा आणि दिवसभर घोरायचा. एवढं खोटं, आणि तेही माइकवरून, गुरूसारखा माणूस मागे बसलेला असताना. थू!

कादरच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र गेलं नव्हतं. त्याला वाटत होतं, नाव पुढे येईल.

सुजित रंगात आला. म्हणाला, बर्फाच्या डोंगरावर उभा राहून तो धाकट्या भावाला हाका मारतो, तेव्हा मी ढसाढसा रडलो होतो.

सायली नावाची एक तरुण मुलगी उभी राहिली. तिला सगळे भाग तोंडपाठ. तिने विचारलं, "सर, कुठल्या भागात? त्याला भाऊच नाहीये."

सुजित हसला, मग अडखळला. आहे, नीट बघ, असं काहीसं पुटपुटला. माना इकडेतिकडे हलायला लागल्या. तेवढ्यात मधल्या रांगेतून काळेवाडीचा भीमराज उठला. चाकणच्या कंपनीतून ड्यूटी करून तो थेट आला होता, अंगात अजून युनिफॉर्म.

"भाऊ हाय," तो म्हणाला. "मी सोत्ता बघितलाय. काळेवाडीत, कादरचाचांच्या दुकानात."

मागून आणखी दोघी म्हणाल्या, आम्हीही बघितलाय. भीमराजने मागे बोट दाखवलं, तसं सगळ्यांनी वळून कादरकडे पाहिलं. सायली त्याच्याजवळ गेली आणि तिने विचारलं, सिनेमात भाऊ नाही, मग यांनी पाहिला कसा?

कादर खाली बघत उभा राहिला. "पोरी, मला इंग्रजी येत नव्हतं. माणूस एवढा जिवाच्या आकांतानं पळतोय, तर कुणासाठी तरी पळत असंल, असं मला वाटलं."

सुजितने माइक खाली ठेवला. लालबुंद तोंडाने तो स्टेजवरून उतरला आणि शेवटच्या रांगेपर्यंत चालत आला. मला वाटलं, आता आणखी एखादी थाप मारणार. पण तो कादरसमोर उभा राहिला, आणि पुढच्या रांगेतलं ते पोरगं विचारायचं तशाच आवाजात त्याने विचारलं,

"चाचा, सापडला का हो तो?"

कादरने सवयीने एकदा दाराकडे पाहिलं.

"अजून न्हाई, बाळा."

सायलीने माझ्यावरचा कप उचलला आणि ओढणीने मला पुसलं. चहा मात्र आत गेला तो गेलाच. मी आता पुन्हा चालेन असं मला वाटत नाही. सुजितला मी माफ केलेलं नाही. तो विचार कादरने करायचा, आणि कादर असल्या गोष्टी लक्षात ठेवत नाही.

मित्रांनो, जुन्या यंत्रावर कप ठेवू नका, ते झालंच. पण तुम्हाला एखादी गोष्ट आवडते, ती पहिल्यांदा कुणी दाखवली असं कुणी विचारलं, तर खरं नाव सांगा. ते माणूस कदाचित तिथेच शेवटच्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेलं असतं.