गळ्याची शपथ

किशोर रोज संध्याकाळी खोटी शपथ घ्यायचा, तीही बायकोच्या गळ्याची.

त्याचं झालं असं. संजना नांदगावकडच्या एका शाळेत शिक्षिका. पाच महिन्यांपूर्वी स्कूटीवरून मनमाडला घरी येताना चाक कशावर तरी आदळलं. दगड असेल, खड्डा असेल. आपल्या रस्त्यांना त्याचा काय तोटा? पण ती घरी आली ती थरथरतच. आपण कुणाला तरी उडवलं, तो रस्त्याकडेच्या चारीत पडलाय, म्हणाली. किशोर नुकताच रेल्वेच्या वर्कशॉपमधून दमून आला होता. मोटारसायकल काढून तो कोपऱ्यावर गेला, चहा प्याला आणि परत येऊन म्हणाला, सगळी चारी पाहिली, तुझ्या गळ्याची शपथ, कुणी नव्हतं.

एकदा घेतली तर घेतली, पण काळ सोकावला. संजना रोज माघारी वळून चारी पाहायची, कधी तीनदा, कधी सातदा. घरी आली की पेपरातले अपघात चाळायची, मग नवऱ्याला विचारायची. शपथ ऐकली की तिचा चेहरा निवळायचा आणि भाजी चिरून होईस्तोवर पुन्हा तोच प्रश्न. चारीतल्या त्या माणसाला घरात पाट मांडायचाच काय तो बाकी होता.

उपाय कमी झाले नाहीत. मनमाडच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. किशोरची साळूआत्या म्हणाली, बाहेरचं आहे, उतरवून घ्या. नाशिकच्या एका समुपदेशक बाईंनी संजनाला चांगले विचार करायला सांगितलं आणि किशोरला म्हणाल्या, तुम्ही असाच धीर देत राहा. त्या बाई किशोरला फार आवडल्या.

शेवटी एका सहकारी शिक्षिकेने नाशिकच्याच गंगापूर रोडवरच्या मानसोपचारतज्ज्ञ तृप्ती मॅडमचं नाव सुचवलं. मॅडमनी पहिल्यांदा एवढंच विचारलं, की शपथ ऐकल्यावर बरं किती वेळ वाटतं. पाच मिनिटं, संजना म्हणाली. मग मॅडमनी समजावून सांगितलं, की याला ओसीडी म्हणतात, हा आजार बरा होऊ शकतो, पण प्रत्येक खात्रीवर तो पोसला जातो. हळूहळू माघारी वळणंही थांबवायचं, सुरुवात मात्र शपथेपासून. संजनाने रडत रडत मान डोलावली.

"तिनं विचारलं तर मी काय सांगू?" किशोरने विचारलं.

"माहीत नाही, म्हणा. तेवढंच."

किशोरला घाम फुटला. पाच महिन्यांत ते त्याचं पहिलं खरं वाक्य होणार होतं, हे मॅडमना कुठून ठाऊक असणार?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संजना ओट्याशी उभी राहून म्हणाली, "अहो, खरंच कुणी नव्हतं ना तिथं?"

"माहीत नाही."

तिने ओटा घट्ट धरला. पुन्हा विचारण्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. ती घामाने भिजली, हुंदके देत खाली बसली. किशोरला तिला जवळ घेऊन शपथांवर शपथा घ्याव्याशा वाटत होत्या, इतकी त्याला तिची दया आली. अर्ध्या तासाने तिचा श्वास थाऱ्यावर आला. डोळे पुसून तिने दोघांची ताटं वाढली आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

किशोरचा घास मात्र हातातच राहिला. पाच महिन्यांपूर्वीच्या त्या संध्याकाळी तो चहाच्या टपरीच्या पुढे गेलाच नव्हता. चारीत कुणी असेल, हाक मारत असेल, असं त्याला आज पहिल्यांदाच वाटलं. वाटलं आणि ते काही केल्या जाईना.

त्याने हात धुतला आणि मोटारसायकलची किल्ली घेतली. पाहून यावं, फक्त एकदा.