बॉयलरखोलीचं दार

भाग्येश शाळेत असताना खेळायचा तोच भुतांचा व्हिडिओ गेम आता नव्याने आलाय. बोईसरच्या कारखान्यात स्फोट झाल्यापासून तो घरीच आहे. सोमवारी कामावर जायचं ठरलंय. जरा मन रमेल म्हणून गेम मीच मागवला. चुकलंच बहुधा.

गेममधल्या बॉयलरखोलीच्या दारापाशी तो थांबला. "बाबा, तुम्ही उघडा."

"अरे, जुन्या गेममध्ये ही खोली रिकामीच होती."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही डोळे मिटून बसायचात!"

मी गेमचा रिमोट घेतला. तेवढ्यात तो उठला. आगीत दार उघडण्याआधी कारखान्यात तपासतात, तसा त्याने उलटा हात टीव्हीतल्या दारावर टेकवला.

"गरम आहे. उघडू नका."

मी टीव्ही बंद केला. त्याने हात काढला नाही. सोमवारचा विषय मी काढला नाही.