सोमवारची निळी गोळी

२०१८ साल. सुष्मिता दहावीत होती आणि मला निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. इचलकरंजीच्या पुढं आमचं गाव. गल्लीत मला गंगव्वा कोणी म्हणत नाही, नर्सअज्जी म्हणतात. छत्तीस वर्षं या भागात सुया टोचल्या, बाळंतपणं केली, त्याचं एवढं नाव राहिलं.

सुष्मिता समोरच्या घरची. बाप शिवमूर्ती मागावर कामाला, आई महादेवी घरी ब्लाउज शिवायची. पोरगी लहानपणापासून माझी जुनी औषधांची पेटी उघडून बसायची.

"अज्जी, मी नर्स होणार. पण तुझ्यागत पांढरी साडी न्हाय हां. शर्ट-पँटवाली."

"आधी गणितात पास हो, मग पँट घाल."

गणित तिचं कच्चं होतं. म्हणून जूनमध्ये मीच तिला सोमवार धरायला सांगितलं. आमच्या घरांत सोमवार काही नवा नाही. दिवसभर पाण्यावर राहायचं, संध्याकाळी पूजा झाली की जेवायचं. मीही नर्सिंगला जाताना असेच धरले होते आणि पास झाले होते. पोरगी तयार झाली.

शाळेत लोहाची गोळी वाटायचा दिवसही सोमवारच. वयात येणाऱ्या मुलामुलींच्या अंगात रक्त वाढावं म्हणून सरकारने आठवड्याला एक निळी गोळी ठरवली होती. डबा खाल्ल्यावर शिक्षकांसमोर गिळायची. मला त्या योजनेचं फार कौतुक. आमच्या वेळी बाई गरोदर राहिली की मगच तिच्या रक्ताकडं लक्ष जायचं. पांढऱ्याफटक पोरी बाळंतपणाला यायच्या आणि मी हात चोळत बसायची. ही गोळी तेव्हा असती तर, असं मी कितीदा म्हटलं असेल.

पहिल्याच सोमवारी सुष्मिताने उपाशीपोटी गोळी गिळली आणि वर्गातच ओकली. महादेवी तिला घेऊन माझ्या दारात आली.

"सरकारनं पोरीला काय चारलंय बघा की अज्जी!"

"अगं, गोळी चांगली हाय. उपाशीपोटी घेतली म्हणून उलटली. सुष्मे, रिकाम्या पोटी कधी घ्यायची न्हाय. कळलं?"

"व्हय अज्जी."

एवढं बोलून मी चहा ठेवायला उठले.

शाळेत बाळासो सर गोळ्या वाटायचे. भला माणूस. दुसऱ्या सोमवारी ते तिला म्हणाले, "उपास हाय? मग घरी ने बाई, हितं ओकू नको." आणि तिच्या नावापुढं गोळी घेतल्याची खूण केली. हे मला मागाहून कळलं. वर शंभर टक्के कळवायचं असायचं.

जानेवारीत महादेवीने हळू आवाजात सांगितलं, "पाळीत आठ-आठ दिवस अंगावरून जातं, अज्जी. जिना चढताना मधीच बसते."

"अभ्यासाचा ताण असंल," मी म्हणाले. गोळ्या चालू आहेत म्हणून मी निर्धास्त होते. तरी म्हटलं, दाखवून ये. सरकारी दवाखान्यात या वयाच्या मुलींसाठी वेगळी खोली होती, शुक्रवारी उघडायची. पूर्णिमा नावाची मुलगी तिथं सल्ला द्यायला नेमलेली. दुसऱ्या कुणापुढं पाळीचं बोलायला सुष्मिता तयार नव्हती.

पहिल्या शुक्रवारी दोघी गेल्या, तर खोलीला कुलूप. दारावर कागद: प्रशिक्षणासाठी कोल्हापूरला. दुसऱ्या शुक्रवारीही तोच कागद. तिसऱ्या शुक्रवारी सराव परीक्षा होती.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी ती माझ्या पायरीवर टेकली आणि बोलेना. मी जवळ जाऊन तिची खालची पापणी ओढली. आत रंग असा नव्हताच. आमच्या मेट्रन म्हणायच्या, पापणी आधी बघा, वही नंतर. मी आठ महिने समोर राहून बघितली नव्हती.

रिक्षात तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, पलीकडं महादेवी. मी विचारलं, "सोमवारच्या गोळ्या घेतेस न्हवं?"

"न्हाय अज्जी. तूच म्हणालतीस की, रिकाम्या पोटी न्हाय घ्यायची." ती दम खात होती. "कंपासपेटीत ठेवल्यात सगळ्या. नर्स झाल्यावर वाटीन."

महादेवीने तिचं डोकं माझ्या खांद्यावरून स्वतःकडं ओढून घेतलं. मंगळवारी घे, जेवून घे, एवढं सांगायला मला किती वेळ लागला असता?

दवाखान्यातून तिला कोल्हापूरला हलवलं. रक्त अगदी तळाला गेलं होतं. छातीत कफ झाला, हृदयाला ते झेपेना. तिसऱ्या दिवशी ती गेली. नुसत्या गोळीने वाचली असती असं कोणी डॉक्टर म्हणाला नाही. नसती वाचली, असंही कोणी म्हणालं नाही.

पूर्णिमा भेटायला आली. भिंतीला टेकून रडली. "वर्षात पाच ट्रेनिंगं झाली माझी, अज्जी. ह्या वेळी पोरींचं ऐकून कसं घ्यायचं, ते शिकवलं." नंतर तिचा करार संपला. आता ती इचलकरंजीत औषधाच्या दुकानात बसते.

बाळासो सर पुढच्या वर्षी निवृत्त झाले. शाळेला गोळीवाटपाचं प्रशस्तिपत्र मिळालं, ते ऑफिसात लावलेलं आहे. मी मोठ्या डॉक्टरांना जाऊन सांगितलं की आमच्याकडं पोरी सोमवार धरतात, वार बदला. त्यांनी चहा दिला. वार वरूनच ठरून येतो म्हणाले.

शिवमूर्ती रात्रपाळी मागून घेतो. महादेवीने शिवण सोडलं. ती माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. सणाला वाटी भरून खीर पाठवते, वर झाकण ठेवून.

मी वयाची त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर वर्षं कधी ओलांडली ते आठवत नाही, बाकी सगळं आठवतं. कंपासपेटी महादेवीने माझ्याकडंच ठेवायला दिली. सोमवार मी सोडला. सकाळीच जेवते. शेजारणी विचारतात तेव्हा पित्ताचं कारण सांगते.